वेकफील्ड सिम्युलेशनमध्ये लेझर मागे पडतो, इलेक्ट्रॉन लवकर फेजबाहेर जातात, एमिटन्स वाढतच राहतो: कारणं आणि उपाय

लेझर-वेकफील्डचे (लेझरने प्लाझ्मात उठवलेल्या लाटेवर इलेक्ट्रॉनला वेग देण्याचे) पार्टिकल-इन-सेल रन, म्हणजे क्षेत्रं ग्रिडवर आणि प्लाझ्मा कणांनी मांडणारी सिम्युलेशन, चालवणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. लेझर ०.८ मायक्रॉनचा, प्लाझ्माची घनता १०^१८ प्रति घन सेंटीमीटर, कोड एपॉक, स्मायली, ओसायरिस किंवा वॉर्पएक्स. पहिले काही मिलिमीटर सगळं सुरळीत चालतं. मग मूव्हिंग विंडोमध्ये (लेझरबरोबर सरकणाऱ्या चौकटीत) पल्स अपेक्षेपेक्षा भराभर मागे सरकायला लागतो, इलेक्ट्रॉनची ऊर्जा गणिताने सांगितलेल्या निम्म्या अंतराआधीच वाढायची थांबते आणि कणपुंजाचा एमिटन्स (कणांच्या जागा आणि दिशा किती विखुरल्या आहेत त्याचं माप) काही कारण नसताना चढत जातो. रिझोल्युशन बदललं की आकडे बदलतात, म्हणून माणूस रिझोल्युशन वाढवत सुटतो आणि क्लस्टरचे तास संपतात.

यात बहुतेक वेळा दोन वेगळ्या चुका एकत्र आलेल्या असतात. एक लेझरच्या ग्रुप वेगातली (पूर्ण पल्स पुढे सरकण्याच्या वेगातली), दुसरी कणपुंजातून निघणाऱ्या खोट्या चेरेन्कॉव्ह किरणोत्साराची. दोन्हींचं मूळ ग्रिडवरच्या प्रकाशाच्या वेगात आहे, पण चाचणी वेगळी आणि उपायही वेगळा. म्हणून आधी त्या सुट्या करून बघा.

पहिली चूक: ग्रिडवर प्रकाश हळू चालतो

बहुतेक कोडमध्ये मॅक्सवेलची समीकरणं यी यांच्या १९६६ च्या पद्धतीने सोडवली जातात. या पद्धतीत निर्वातातही लेझरचा ग्रुप वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा थोडा कमी निघतो. लेझर एक्स अक्षावर चालला आहे असं धरलं, तर ही तूट साधारण अशी:

सापेक्ष तूट = (के × डेल्टा-एक्स)² ÷ ८ × (१ − एस²)

इथे के म्हणजे लेझरचा वेव्हनंबर (२ पाय ÷ तरंगलांबी), डेल्टा-एक्स म्हणजे एक्स दिशेने सेलची लांबी आणि एस म्हणजे एका टाइमस्टेपमध्ये प्रकाश जेवढं अंतर कापतो ते भागिले डेल्टा-एक्स. एकमितीय रनमध्ये एस = १ ठेवता येतो आणि तूट शून्य होते. दोन किंवा तीन मितींत स्थिरतेची मर्यादा, म्हणजे सीएफएल, एस ला १ पर्यंत जाऊ देत नाही.

आता आकडे घालू. तरंगलांबीला ३२ सेल, म्हणजे डेल्टा-एक्स ०.०२५ मायक्रॉन. आडव्या दिशेला डेल्टा-वाय ०.२५ मायक्रॉन. एपॉकच्या इनपुट फाइलमध्ये डीटी-मल्टिप्लायर (टाइमस्टेप स्थिरतेच्या मर्यादेच्या किती पट ठेवायचा तो आकडा) लिहिला नाही तर तो ०.९५ धरला जातो. द्विमितीय रनमध्ये या मांडणीतली तूट येते दहा लाखांत ५१३ भाग.

हा आकडा नगण्य वाटतो, पण त्याची तुलना प्लाझ्मामुळे येणाऱ्या खऱ्या तुटीशी करायला हवी. ती तूट म्हणजे घनता भागिले क्रिटिकल घनतेची (जिच्यापुढे लेझर प्लाझ्मात शिरू शकत नाही तिची) दुप्पट. ०.८ मायक्रॉनसाठी क्रिटिकल घनता १.७४ × १०^२१ आहे, म्हणून १०^१८ घनतेला खरी तूट दहा लाखांत फक्त २८७ भाग. म्हणजे ग्रिडची चूक भौतिकीपेक्षा जवळपास पावणेदोन पट मोठी आहे. प्लाझ्मा तरंगलांबी ३३.४ मायक्रॉन. तिची अर्धी लांबी या तुटीने भागली की डीफेजिंगचं अंतर (जिथे इलेक्ट्रॉन लाटेच्या पुढे निघतो आणि ऊर्जा मिळणं थांबतं) मिळतं: खऱ्या तुटीने सुमारे ५.८ सेंटीमीटर, दोन्ही तुटी मिळून (दहा लाखांत ८००) जेमतेम २.१ सेंटीमीटर. ‘इलेक्ट्रॉन लवकर फेजबाहेर जातात’ ही तक्रार इथूनच येते. हा हिशोब रेषीय आहे, पल्सचा पुढचा भाग झिजत जातो तो परिणाम यात नाही, पण चूक किती मोठी आहे हे कळायला एवढं पुरतं.

घनता जास्त असेल तर ही चूक दबून जाते. ५ × १०^१८ ला खरी तूट १,४३५ भाग आहे, त्यात ५१३ ची भर जाणवते पण रन वाया जात नाही. म्हणूनच मिलिमीटरभराच्या गॅस जेटवर चालणारी इनपुट फाइल तशीच उचलून लांब कॅपिलरीला (प्लाझ्माने भरलेल्या बारीक नळीला) लावली की घोळ होतो. बर्कलेच्या बेला केंद्रात २०१९ मध्ये २० सेंटीमीटरच्या कॅपिलरीत इलेक्ट्रॉन ७.८ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेले. अशा कमी घनतेच्या, लांब पल्ल्याच्या प्रयोगांत दहा लाखांतले शंभर भागसुद्धा निकाल फिरवतात.

निर्वात चाचणी

प्लाझ्माचा रन लावण्याआधी ही चाचणी कराच. खर्च मिनिटांचा आहे.

खरी इनपुट फाइल घ्या आणि सगळे कण काढून टाका. आडव्या दिशेला ८ सेल ठेवा, पण डेल्टा-वाय खऱ्या रनमधलाच असू द्या. सीएफएल त्यावर ठरतो. तो बदलला तर टाइमस्टेप बदलेल आणि चाचणी भलत्याच रनची होईल. आडव्या सीमा पिरियॉडिक करा आणि फोकस केलेल्या पल्सऐवजी सपाट तरंग सोडा. फोकस केलेला पल्स इथे चालत नाही, कारण डायफ्रॅक्शनचीही स्वतःची खरी तूट असते: स्पॉटची त्रिज्या २० मायक्रॉन असेल तर तीन मितींत दहा लाखांत सुमारे ४० भाग. ती मोजमापात मिसळली तर ग्रिडची चूक वेगळी काढता येत नाही.

पल्स पूर्ण आत आल्यावर एक डंप (त्या क्षणाच्या क्षेत्रांची फाइल) घ्या आणि १ मिलिमीटर पुढे गेल्यावर दुसरा. दोन्हींमध्ये ई-वायचा (आडव्या विद्युत क्षेत्राचा) वर्ग वजन म्हणून वापरून पल्सचा मध्य काढा. मध्य किती सरकला ते प्रकाशाने तेवढ्याच वेळात कापलेल्या अंतरातून वजा करा. वरच्या मांडणीत पल्स ०.५१ मायक्रॉन मागे पडलेला दिसेल, म्हणजे २० सेलपेक्षा थोडा जास्त. आकडा सूत्राशी जुळला तर कोड बरोबर आहे, दोष मांडणीचा. जुळला नाही तर आधी डंपची वेळ तपासा: फाइलच्या नावातला अनुक्रमांक नाही, आत लिहिलेली वेळ घ्यायची.

यानंतर हाच सपाट तरंग, ए-शून्य (लेझरच्या क्षेत्राचं एककरहित माप) ०.१ पेक्षा कमी ठेवून, खऱ्या घनतेच्या प्लाझ्मातून चालवा. एकूण तूट निर्वातातली तूट अधिक २८७ यायला हवी.

आधी टाइमस्टेप, मग रिझोल्युशन

हीच जागा आहे जिथे सर्वाधिक संगणकवेळ वाया जातो. डेल्टा-एक्स निम्मा केला तर सेल दुप्पट, टाइमस्टेपही दुप्पट, म्हणजे खर्च चौपट. बदल्यात तूट ५१३ वरून सुमारे १२० वर येते. उलट डेल्टा-एक्स तोच ठेवून डीटी-मल्टिप्लायर ०.९५ चा ०.९९९ केला तर तूट ५७ वर येते आणि रन आधीपेक्षा पाच टक्के स्वस्त पडतो. डीफेजिंगचं अंतर लगेच ४.८ सेंटीमीटरच्या वर जातं. ‘सुरक्षित असावं म्हणून’ टाइमस्टेप लहान ठेवायची सवय यी सॉल्व्हरला उलटी बाधते, कारण लहान टाइमस्टेप म्हणजे लहान एस आणि जास्त तूट.

०.९९९ ला काही मांडण्या फुटतात, विशेषतः शोषक सीमा चालू असताना: कोपऱ्यात किंवा सीमेलगत एकाआड एक सेलला चिन्ह बदलणारं क्षेत्र वाढायला लागतं. तसं दिसलं तर ०.९९५ करा. तूट ९५ होईल, तीही आधीच्या पाचव्या हिश्शाहून कमी आहे.

सेलचा आकारही तितकाच महत्त्वाचा. चौरस सेल ठेवले, म्हणजे डेल्टा-वाय सुद्धा ०.०२५, तर ०.९५ ला तूट २,६४० भागांवर जाते. तीन मितींत घनाकार सेलला ३,३७०. एवढी संगणकशक्ती ओतून उत्तर आधीपेक्षा वाईट! वेकफील्डमध्ये आडव्या दिशेचे बदल लेझरच्या तरंगलांबीच्या मानाने हळू होतात, म्हणून यी वापरायचा असेल तर सेल लेझरच्या दिशेने बारीक आणि आडवे लांबट ठेवा. फक्त पुंज फार बारीक असेल, अर्ध्या मायक्रॉनचा वगैरे, तर ०.२५ चा डेल्टा-वाय त्याला पुरणार नाही. तिथे यी सोडून दुसरा सॉल्व्हर घ्यावा, हा सरळ मार्ग.

दुसरी चूक: खोटा चेरेन्कॉव्ह

ग्रिडवर आखूड तरंगांचा फेज वेग प्रकाशाच्या खऱ्या वेगापेक्षा कमी असतो. प्रवेगित इलेक्ट्रॉन मात्र जवळपास खऱ्या वेगाने धावतात. माध्यमातल्या प्रकाशापेक्षा वेगवान कण जसा चेरेन्कॉव्ह किरणोत्सार सोडतो तसाच हा पुंज ग्रिडमध्ये सोडतो. निसर्गात तो नसतो. ही अडचण गॉडफ्री यांनी १९७४ मध्येच मांडली होती, आणि वेकफील्डमध्ये तिच्यामुळे एमिटन्स कसा फुगतो हे लेहे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नीट दाखवलं.

तो ओळखायचा कसा? ई-वायचा नकाशा काढा आणि रंगपट्टी लेझरच्या शिखरावर न ठेवता त्याच्या हजाराव्या भागावर आणा. पुंजापासून निघून मागे आणि बाजूला पसरलेला, पंख्यासारखा बारीक रेघांचा पट्टा दिसेल. रेघांमधलं अंतर काही सेलचंच असतं. पट्ट्याचं टोक पुंजावर असतं आणि पुंजाबरोबरच पुढे सरकतं. खरा बीटाट्रॉन किरणोत्सार (पुंजातले इलेक्ट्रॉन आडवे डोलताना सोडतात तो) या ग्रिडवर दिसूच शकत नाही, त्याची तरंगलांबी सेलच्या कितीतरी खाली असते. तेव्हा ‘हा बीटाट्रॉन असेल’ म्हणून सोडून देऊ नका. खात्रीसाठी फूरिए रूपांतर करा आणि नंतर डेल्टा-एक्स बदलून पुन्हा करा. ग्रिडने तयार केलेलं शिखर सेलबरोबर सरकतं, भौतिकीतलं शिखर जागचं हलत नाही.

एकट्या पुंजाची चाचणीही करा. लेझर नाही, प्लाझ्मा नाही, फक्त १०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा, कमी चार्जचा पुंज काही मिलिमीटर चालवा. नॉर्मलाइज्ड एमिटन्स जागेवर राहायला हवा. यात एक फसगत होते: पुंज ग्रिडवर नुसता ठेवला आणि त्याचं स्वतःचं क्षेत्र सुरुवातीला सोडवून घेतलं नाही, तर ते क्षेत्र एकदम उभं राहताना किरणोत्सार फेकतं आणि तो हुबेहूब खोट्या चेरेन्कॉव्हसारखा दिसतो. स्मायलीमध्ये सापेक्षतावादी क्षेत्र-प्रारंभ आणि वॉर्पएक्समध्ये स्व-क्षेत्र प्रारंभ ही सोय आहे, ती चालू करा.

एमिटन्स काढताना फक्त पुंजाचे कण निवडा. एक किमान ऊर्जा ठरवा आणि सगळ्या डंपला तीच ठेवा. बुडबुड्याच्या (लेझरमागे इलेक्ट्रॉन बाजूला होऊन बनणाऱ्या पोकळीच्या) भिंतीतले दोन-चार वजनदार मॅक्रोकण (एकेक अनेक खऱ्या इलेक्ट्रॉनांच्या बदली असलेले) आत शिरले तरी आकडा दुप्पट होतो आणि तुम्ही सॉल्व्हरला दोष देत बसता.

कोणता सॉल्व्हर

लेहे सॉल्व्हर अक्षाच्या दिशेने फेज वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा किंचित वर ठेवतो, म्हणून इलेक्ट्रॉन तरंगांना मागे टाकत नाहीत आणि पंखा नाहीसा होतो. एपॉक आणि स्मायली दोन्हींत तो आहे. त्याने लेझरचा ग्रुप वेगही बदलतो, म्हणून सॉल्व्हर बदलला की निर्वात चाचणी पुन्हा करायची. स्थिरतेची मर्यादाही वेगळी असते, यीचा टाइमस्टेप तसाच उचलून लावू नका.

कोल-कार्ककाइनेन प्रकारचा सॉल्व्हर (वॉर्पएक्समध्ये सीकेसी) घनाकार सेल असतानाही एस = १ घेऊ देतो आणि अक्षावरची तूट काढून टाकतो. तिरक्या तरंगांची चूक उरते. आडवं रिझोल्युशन बारीक हवं असेल तेव्हा हा पहिला पर्याय.

प्रश्न जवळपास अक्ष-सममित असेल तर आमची शिफारस स्पष्ट आहे: एफबीपिकसारखा वर्णपटीय (क्षेत्रं फूरिए तरंगांत सोडवणारा), दंडगोलीय कोड घ्या. त्याच्या सॉल्व्हरमध्ये निर्वातातला प्रकाश योग्य वेगाने चालतो, त्यामुळे वरच्या दोन्ही चुका मुळातच निघून जातात. रेषीय ध्रुवीकरणाच्या लेझरला दोन मोड (अक्षाभोवतीच्या कोनानुसार बदलणारे क्षेत्राचे घटक) लागतात. एकच ठेवला तर लेझर नीट बसणार नाही. अनेक जीपीयूवर वाटून चालवताना सॉल्व्हरची अनंत ऑर्डर (अचूकतेची पातळी) वापरता येत नाही, ३२ सारखी मर्यादित ऑर्डर घ्यावी लागते. लेझर अक्षाबाहेर असेल किंवा स्पॉट वेडावाकडा असेल तर मोड वाढवा नाहीतर पूर्ण त्रिमितीय कोडकडे जा.

पुंज लेझरच्या आत शिरतो तेव्हा

पंखा गेला, तूट गेली, तरी रनच्या शेवटच्या भागात पुंज आडवा हलतो, असं होतं. डीफेजिंगच्या जवळ पुंज पल्सच्या मागच्या कडेत पोचतो. लेझरबरोबर धावणाऱ्या कणावर विद्युत आणि चुंबकीय बल जवळजवळ पूर्ण एकमेकांना खोडतात. पण यी मांडणीत चुंबकीय क्षेत्र अर्ध्या टाइमस्टेपवर असतं आणि कण ढकलण्याआधी त्याची वेळेत सरासरी काढली जाते. या सरासरीने तरंगलांबीला ३२ सेल असताना चुंबकीय क्षेत्र जवळपास अर्धा टक्का कमी भरतं. ए-शून्य २ असेल तर लेझरचं क्षेत्र मीटरला ८ टेराव्होल्ट. त्याचा जवळपास अर्धा टक्का म्हणजे शिखरावर मीटरला सुमारे ३८ गिगाव्होल्टचं खोटं आडवं बल. १०^१८ घनतेला तरंगभंगाचं (प्लाझ्माची लाट मोडते तेवढं) क्षेत्रच मीटरला ९६ गिगाव्होल्ट आहे, हे शेजारी ठेवून बघा. स्मायलीतलं बी-टीआयएस-३ इंटरपोलेशन याच दुखण्यावर आहे. एस १ च्या जवळ असेल तेव्हा ते चांगलं काम करतं.

फिल्टरचा मोह

पंखा दिसला की करंटवर बायनॉमियल फिल्टरचे (शेजारच्या सेलशी सरासरी काढणाऱ्या) चार-पाच फेरे मारायचे, हा उपाय सर्रास सांगितला जातो. आखूड तरंग त्याने खरंच दबतात. पण लेझरच्या तरंगलांबीवरही तो हात मारतो. तरंगलांबीला ३२ सेल असताना चार फेऱ्यांनी लेझरला जाणवणारा प्लाझ्माचा करंट ४ टक्क्यांनी घटतो, १६ सेल असताना १४ टक्क्यांनी. म्हणजे लेझरला प्लाझ्मा तेवढा विरळ भासतो. फिल्टर लावायचाच असेल तर एखाद-दुसरा फेरा आणि त्यानंतर भरपाईचा फेरा, एवढंच. मूळ रोगावर औषध सॉल्व्हर हेच आहे.

यात न बसणाऱ्या गोष्टी

पकडलेला चार्ज रिझोल्युशनबरोबर बदलत असेल आणि पल्सचा वेग मात्र बरोबर असेल, तर कणांचा आकार आणि संख्या बघा. रेषीय आकाराच्या कणांना लेझरच्या क्षेत्रातून जाताना खोटा संवेग मिळतो आणि त्यातले काही उगाच पकडले जातात. घन (तिसऱ्या) ऑर्डरचा आकार घ्या, मग प्रति सेल कण वाढवा. क्रम हाच ठेवा.

द्विमितीय आणि त्रिमितीय रनचे आकडे जुळत नाहीत ही चूक नाही. दोन मितींत स्वयं-फोकसिंगच वेगळं असतं आणि चार्ज ‘प्रति मीटर’ मिळतो. त्याला स्पॉटच्या रुंदीने गुणून प्रयोगाशी तुलना करणं धोक्याचं.

सिंगल प्रिसिजनमध्ये कणाचं स्थान सुरुवातीच्या बिंदूपासून मोजलं जात असेल, तर १ सेंटीमीटरवर दोन शेजारच्या आकड्यांतलं अंतर सुमारे १ नॅनोमीटर असतं, १० सेंटीमीटरवर साडेसात. डेल्टा-एक्स २५ नॅनोमीटर आहे. म्हणजे कणाची जागा सेलच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने गोलावली जाते. लांब रनला स्थानं तरी डबलमध्ये ठेवा.

बूस्टेड फ्रेम (लेझरच्या दिशेने वेगाने धावणारी संदर्भ चौकट) वापरत असाल तर खोटा चेरेन्कॉव्ह पुंजापुरता राहत नाही. त्या फ्रेममध्ये सगळा प्लाझ्माच प्रकाशाच्या वेगाच्या जवळ उलटा वाहत असतो, म्हणून अस्थिरता घातांकी वाढते आणि काही हजार स्टेपमध्ये सगळी विंडो जाळीदार पट्ट्यांनी भरून जाते. इथे वर्णपटीय सॉल्व्हर गॅलिलियन रूपात (ग्रिडच सरकता ठेवून) चालवा, वॉर्पएक्स आणि एफबीपिक दोन्हींत ती सोय आहे. ग्रिडचा वेग प्लाझ्माच्या वहनवेगाएवढा आणि त्याच चिन्हाचा द्या. लेझर धन दिशेने जात असेल तर हा वेग ऋण येतो. चिन्ह चुकलं तर कोड काही त्रुटी दाखवत नाही, फक्त पट्टे परत येतात. म्हणून पट्टे दिसले की सर्वांत आधी इनपुट फाइलमधलं ते चिन्ह बघा.